नोकर नव्हे, धाकटे बंधू

गिरगावातले सन्मान्य नागरिक, तामणे मुद्रणालयाचे मालक आणि श्रमप्रतिष्ठा मंडळाचे संस्थापक-अध्यक्ष श्री. रघुवीरराव तामणे हे एकोणीसशे अठ्ठावन्न साली दादरच्या एका जाहीर सभेला दात विसरून गेले.

दात म्हणजे कवळी. दुपारी आडवं होताना काढली ती बेसिनवरच्या पेल्यातच राहिली. हे त्यांच्या ध्यानात आलं ते व्यासपीठावर, हार गळ्यात पडल्यावर. विषय होता श्रमिकांची प्रतिष्ठा आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र. ‘मुंबई’ दातांवाचून म्हणता येते. ‘संयुक्त महाराष्ट्र’ येत नाही. तोंडावर रुमाल धरून ते मंडपामागे आले आणि मोटरीशी उभ्या असलेल्या दगडूला त्यांनी काहीतरी सांगितलं. त्यातलं “पेल्यातलं आण” आणि “उडत जा” एवढंच त्याला कळलं.

दगडू कासारे हा त्यांचा ड्रायव्हर. राहायला नायगावच्या चाळीत, घरात बायको रखमा. दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हा रघुवीररावांनी त्यांचं जाहीर अभिनंदन केलं होतं. गॅलरीतल्या नळाशी पालथा असलेला दगडूचा कप मात्र अभिनंदनानंतरही तिथेच राहिला. मंडळाच्या दर सभेत रघुवीरराव त्याला वर बोलावून म्हणायचे, “हा माझा नोकर नव्हे, घरचा माणूस आहे!” टाळ्या पडायच्या. मग घरचा माणूस खाली उतरून मोटर पुसायचा.

तर दगडू उडत गेला आणि उडत परत निघाला. लालबागेत एका गल्लीतून अचानक मोर्चा बाहेर पडला. त्याने गाडी डावीकडे घातली. डावीकडे शीव कोळीवाड्याची जाईबाई मासळीची पाटी मांडून बसली होती. सरंगे रस्ताभर झाले आणि जाईबाईचा पाय चाकाखाली आला.

दगडू पळाला नाही. तिला त्याच मोटरीत घालून त्याने इस्पितळ गाठलं. पोलिसांनी झडती घेतली तेव्हा त्याच्या खिशात कवळी सापडली. त्याचे स्वतःचे दात शाबूत होते, तेव्हा पोलिसांनी त्याच्याकडे जरा चमकूनच पाहिलं.

तिकडे रघुवीरराव भाषणाला उभे राहिले, हात वर केला आणि काही न बोलता खाली बसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं : ‘भावनावेगाने कंठ दाटून आल्यामुळे अध्यक्षांच्या मुखातून शब्द फुटेना. सभेत शेकडो डोळे पाणावले.’ इतकं उत्तम भाषण त्यांनी आजवर केलं नव्हतं. त्यामुळे कवळीची वाच्यता होणं आता शक्यच नव्हतं.

दगडूला झोप येईना. तो इस्पितळात गेला. जाईबाईचा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये होता.

“चूक माझी हाय, मावशी,” तो म्हणाला.

“गाडी कोनाची?”

“सायबांची.”

“काम कोनाचं?”

“सायबांचंच.”

“मंग तू कशाला रडतंस? तुज्याकडनं काय घेऊ मी, टोपी?”

तिने दावा लावला तो रघुवीररावांवर. दगडूचं नाव वकिलाने रीतीप्रमाणे दुसरं घातलं. मोटरीच्या विम्याची मुदत सभांच्या धांदलीत उलटून गेली होती, तेव्हा जो काही भार यायचा तो रघुवीररावांच्याच डोक्यावर येणार होता.

रघुवीररावांचे वकील हेमचंद्र हे थंड डोक्याचे गृहस्थ. ते म्हणाले, “कायदा सरळ आहे. नोकराने धन्याच्या कामावर असताना केलेलं नुकसान धन्याने भरायचं. तेव्हा सुटकेच्या वाटा दोन. एक तर तो तुमच्या कामावर नव्हता.”

“नव्हताच!”

“खिशात कवळी आहे. ती तुम्हाला कोर्टात लावून दाखवावी लागेल.”

रघुवीररावांनी तोंड मिटलं.

“दुसरी वाट : तो तुमचा नोकरच नव्हता. नाहीतरी तुम्ही हे वर्षानुवर्षं जाहीर सभांतून सांगत आला आहात. कात्रणं आहेत. नोकर नव्हे, घरचा माणूस! आता फक्त घर तसं दिसलं पाहिजे. समोरचा वकील शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करणार.”

दगडूला बोलावून हे समजावण्यात आलं. “तुला काही त्रास नाही,” हेमचंद्र म्हणाले. “आजपासून तू यांचा धाकटा भाऊ.”

“आन् गाडी?”

“भाऊ मोटर हाकतो का?”

“आन् पगार?”

“भावाला कोणी पगार देतं का?” रघुवीरराव दुखावल्या स्वरात म्हणाले.

अशा रीतीने दगडूची बढती झाली. खाकी कोट आणि टोपी काढून घेण्यात आली आणि त्याचा मुक्काम गिरगावात हलवण्यात आला. रघुवीररावांच्या पत्नी सुंदराबाई त्याला ‘दगडूभावजी’ म्हणू लागल्या. म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत. चहा आता गॅलरीत देणं शक्य नव्हतं. पण घरच्या कपबशा त्याला द्यायच्या, तर सुंदराबाईंचा जीव होईना. पुष्कळ विचार करून त्यांनी चांदीचा पेला काढला, कारण चांदीला विटाळ नसतो. त्यामुळे यजमान टवका उडालेल्या कपातून चहा घेत आणि समोर दगडू चांदीच्या पेल्यातून. पेला ओठांना चटके द्यायचा आणि सगळं घर त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. गॅलरीतला चहा निदान सुखाने घशाखाली उतरत होता.

मोटरीचंही तसंच झालं. रघुवीरराव स्वतः चालवू लागले. दगडूला शेजारी बसवणं रीतसर झालं असतं, पण खांद्याला खांदा लागणं त्यांना जड गेलं. त्यांनी त्याला मागे बसवलं. मागची जागा ही मालकाची असते, हे ठाकूरद्वाराच्या नाक्यावर प्रथम एका हवालदाराच्या ध्यानात आलं आणि त्याने दगडूला सलाम ठोकला. दगडूचं मात्र सलामाकडे लक्ष नव्हतं. रघुवीरराव वळण घेत तसतसा तो मागे बसून पायाखालची फळी दाबत होता, कारण ब्रेक पुढे राहिला होता.

महिना उलटला तरी नायगावला पैसा गेला नाही. मग एका सकाळी रखमाच दारात उभी राहिली. हातात दोन पिशव्या, काखेत वळकटी.

“कोण पाहिजे?” सुंदराबाईंनी विचारलं.

“आपलीच मानसं,” रखमा म्हणाली. “ह्ये तुमचं दीर झालं, म्हंजी मी जाऊ. पगार बंद केलात, ते बी बरोबर. घरच्याला कसला पगार? पन घरच्याची बायको उपाशी ऱ्हाते व्हय, जाऊबाई?”

शेजारच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं झालं होतं. सुंदराबाईंनी ते पाहिलं आणि जावेला आत घेतलं. रखमाने मधल्या खोलीत वळकटी पसरली, आमटीत मीठ कमी आहे म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी ओटा ताब्यात घेतला. आमटी सुधारली, हे मात्र खरं. रघुवीरराव दोनदा मागून खात आणि मग एकदम गंभीर होत.

खटला उभा राहिला. जाईबाई कुबडी घेऊन आली होती. तिचे वकील राजाराम हे कोळीवाड्यातले दावे चालवून काळ्या कोटाचा करडा झालेले वृद्ध गृहस्थ. त्यांनी आधी दगडूला उभं केलं.

“तुमच्या खिशात सापडली ती कवळी कोणाची?”

दगडूने रघुवीररावांकडे पाहिलं. रघुवीररावांनी छताकडे.

“घरची,” दगडू म्हणाला.

मग रघुवीरराव पिंजऱ्यात आले.

“दगडू तुमचा कोण?”

“मला धाकट्या भावासारखा.”

“सारखा?”

हेमचंद्र खोकले.

“धाकटा भाऊच,” रघुवीररावांनी शपथेवर सांगितलं. “आमचं एकत्र कुटुंब आहे. चूल एक, घर एक.”

“बरं. या भावाचं आडनाव काय?”

इतकी वर्षं रघुवीररावांनी त्याला ‘दगडू’ म्हटलं होतं आणि टेलिफोनवर ‘दगडू ड्रायव्हर’. त्याहून जास्त नावाची गरज कधी पडलीच नव्हती. त्यांनी कपाळ पुसलं.

न्यायाधीशांना जेवायला उशीर होत होता. ते म्हणाले, “वकीलसाहेब, हा काय प्रश्न झाला? धाकट्या भावाचं आडनाव थोरल्याचंच असणार. लिहा : दगडू तामणे.”

“सायेब, माझं आडनाव कासारे,” दगडू जागेवरून उठून म्हणाला.

“विचारल्याशिवाय बोलू नये.”

दगडू खाली बसला. टोपी गेली तेव्हा त्याला एवढं लागलं नव्हतं. आपल्या बापाला कोणीतरी खोलीबाहेर उभं करून दार लावून घेतल्यासारखं त्याला वाटलं.

निकाल लागला. दगडू तामणे हा नोकर नसून कुटुंबीय आहे. सबब रघुवीरराव हे त्याचे धनी नव्हेत. सबब ते जबाबदार नाहीत. जाईबाईची संपूर्ण भरपाई दगडू तामणे याने स्वतः करावी. दगडूने हा बिचारा कोण म्हणून आजूबाजूला बघितलं. तो बिचारा आपणच, हे त्याला मग उमगलं.

“तुमी तर तुला त्रास नाही म्हनला व्हता,” तो हेमचंद्रांना म्हणाला.

“त्रास नाहीच. हुकूमनामा आहे,” हेमचंद्र म्हणाले.

रघुवीरराव प्रसन्न होते. “दगडू, उद्यापासून टोपी घालून ये रे. आणि तुझ्या बायकोला ने.”

बाहेर जाईबाई कोर्टाच्या पायरीवर बसून रडत होती. “माजा पाय ग्येला त्यो ग्येला, आता ह्यालाबी घालवलाव!” राजाराम वकील मात्र निकालपत्र चष्म्याजवळ धरून पुन्हा वाचत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दगडूला विचारलं, “दगडूराव, तुम्ही राहता कुठे?”

दगडूला त्यांचा बेत कळला नाही. पण दिवसभरात खरं बोलायची संधी त्याला एवढीच मिळाली होती.

“कोर्टानं लिवलंय तिथं,” तो म्हणाला.

त्याच आठवड्यात कोर्टाचा बेलिफ गुणाजी दोन हमालांसह गिरगावात हजर झाला. “दगडू तामणे इथेच राहतात? त्यांच्याविरुद्ध जप्ती आहे. एकत्र कुटुंब, म्हणजे सगळं सामान सामाईक. वकिलांनी शपथेची नक्कल जोडली आहे.” त्याने रेडिओवर खडूने खूण केली, मग कपाटावर, मग सोफ्यावर. दगडूच्या हातातला चांदीचा पेला त्याने नम्रपणे काढून घेतला. चहा बशीत ओतून दिला.

“अहो, हा माझा नोकर आहे!” रघुवीरराव ओरडले. “ड्रायव्हर आहे! विचारा गल्लीत कोणालाही!”

“तसं लिहून द्या,” गुणाजी म्हणाला. “म्हणजे मी खोट्या शपथेचा रिपोर्ट करतो आणि सामान खाली ठेवतो. सामानाऐवजी मग तुम्ही चला.”

हेमचंद्रांना बोलावणं गेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “भाऊ म्हटलात तर जप्ती, नोकर म्हटलात तर तुरुंग, आणि वर भरपाई आहेच. मी तुमच्या जागी असतो तर भाऊ म्हटलं असतं. माणुसकीलाही धरून आहे.”

रघुवीररावांनी जाईबाईची पै न् पै भरली. पैसे मोजून कनवटीला लावताना ती दगडूला म्हणाली, “तुजा भाऊस रागीट हाय, पन भावासाठी आला हो धावून!”

भरपाई होताच रघुवीररावांनी दगडूला कामावरून काढून टाकलं. म्हणजे काढून टाकायला गेले. हेमचंद्रांनी त्यांना थांबवलं. “नोकराला काढता येतं. एकत्र कुटुंबातल्या भावाला काढायचं, तर वाटणी करावी लागेल. छापखाना निम्मा.”

सुंदराबाईंना तिथेच घेरी आली. रखमाने त्यांना कांदा हुंगवला.

शेवटी रघुवीररावांनी दगडूला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याला खुर्ची दिली. “तुम्हाला काय हवं ते सांगा, दगडूराव.”

दगडू खुर्चीच्या कडेवर टेकला. “वाटणी नको. बुडालेला पगार द्या. आन् माझं आडनाव माघारी द्या. स्टॅम्पपेपरवर.”

दोन्ही मिळाली. पगार देताना रघुवीररावांनी नोटा तीनदा मोजल्या. आडनाव न मोजता दिलं.

दगडू शहरातल्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. तिथे त्याला बिल्ला आहे, गणवेश आहे, पंधरवड्याची रजा आहे. चूक झाली तर साहेब शिव्या घालतो, पण महिन्याला पगार होतो. नायगावच्या चाळीत कोणी विचारलं की तो म्हणतो, “नोकरी बेस हाय. घरचा कोनी म्हनत नाय.”

रघुवीररावांनी मात्र धडा घेतला. मोटरीला माणूस हवाच होता. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली : ‘ड्रायव्हर पाहिजे. घरच्यासारखे वागवले जाणार नाही. वेळेवर पगार व रविवारी सुटी.’

गिरगावात हळहळ झाली. किती कोरडा झाला हा माणूस! गॅलऱ्यागॅलऱ्यांतून सुसंस्कृत मंडळी एकमेकांना सांगू लागली की आपण तर बुवा आपल्या गड्याला, आपल्या बाईला, अगदी पोटच्या पोरासारखं वागवतो. आणि ते खोटंही नव्हतं. सकाळपासून तामण्यांच्या जिन्याला रांग लागली होती ती पार नाक्यापर्यंत गेली. तिच्यात ज्यांना मोटर चालवता येत नव्हती असेच जास्त होते. धुणंभांडी करणाऱ्या बायका, स्वयंपाकी, घरगडी. जाहिरातीतली शेवटची ओळ त्यांना कोणीतरी वाचून दाखवली होती.

आपण ही हकीकत इथवर वाचलीत, तेवढ्यात चहा यायला हवा होता. आला नसेल तर आत हाक मारू नका. गॅलरीत या आणि रांग बघा.