थांबण्याचे साधन : इतर

जगात जी जी गोष्ट थांबते, ती समोर काहीतरी आडवं आल्यामुळेच थांबते, हे आता सर्वत्र मान्य झालेलं आहे. पाणी बांधाशी थांबतं, गाडी फाटकाशी थांबते, पाहुणे दाराशी थांबतात. आपलं आपण थांबणं हा प्रकार पूर्वी अस्तित्वात होता असं काही वयस्कर मंडळी सांगतात, पण त्याला कागदोपत्री पुरावा नाही.

नेब्रास्कातल्या टॅलमन काउंटीला हे सत्य कळायला एकसष्ट वर्षं लागली. (वस्ती विरळ आहे. सत्यालासुद्धा तिथे पोचायचं तर लांबून यावं लागतं.) ही सगळी वर्षं काउंटीतले लोक दर ऑगस्टमध्ये, गवताची कापणी उरकली की, क्लबाच्या उघड्या कुरणात पिंपांची शर्यत लावत. शर्यत साधी. डिझेलची तीन रिकामी पिंपं त्रिकोणात ठेवायची. घोडा भरधाव आणायचा, प्रत्येक पिंपाला एक वळसा घालायचा, आणि सरळ परत येऊन रेघ ओलांडायची. पिंप पडलं तर पाच सेकंदांचा दंड. रेघ मैद्याची असे, कारण चर्चच्या बायकांकडे मैदा कायम जास्तीचा असायचा.

रेघेच्या पुढे काय होतं? काही नव्हतं. तीनशे एकर कापलेलं गवत, मग शेजाऱ्याचं तीनशे एकर, मग साउथ डकोटा.

अशा भयंकर परिस्थितीत लोकांनी एक जुनाट उपाय शोधून काढला होता. ते घोड्याला थांबायला शिकवत. काउंटीतलं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला आर्डिथ वोंद्राच्या अंगणात आणून सोडायचे. क्लबाच्या कुरणाला लागूनच तिचं घर. आर्डिथ मैद्याची रेघ मारी आणि सांगे, "लगाम ओढायचा नाही. श्वास सोड, खोगिरात बूड टेकव, आणि मनातनं थांब. घोड्याला कळतं." चालत दहा वेळा, दुडक्या चालीत दहा वेळा, भरधाव दहा वेळा. हे जमेपर्यंत पहिलं पिंप कोणतं हेसुद्धा ती सांगत नसे. काही मुलांचे त्यात दोन उन्हाळे जात. आजच्या काळात एवढा वेळ कुणाकडे असणार? तेव्हाही नव्हताच, पण तेव्हा तो कुणी मागितला नव्हता.

एकसष्ट वर्षांत एकंदर दोन हजार नऊशे चौदा धावा झाल्या. शेवटचं वर्ष सोडलं तर न थांबलेले घोडे तीन :

१९६३ — एक तट्टू. थेट आपल्या तबेल्यात गेलं. जेवणाची वेळ झाली होती.

१९७६ — बिस्किट नावाचं तट्टू, स्वार लाइल डोबेश, वय नऊ. चर्चच्या बायकांच्या टेबलाशी, बटाट्याच्या सॅलडमध्ये थांबलं.

१९९१ — एक भाड्याचा घोडा. त्याच्याबद्दल कुणाला काही अपेक्षाच नव्हती.

मग २०१८ साली ओमाहाहून केडन्स नावाची पंधरा वर्षांची मुलगी आली. तिच्या घोड्याच्या नावात चार शब्द होते, त्यांतले दोन त्याच्या आजोबांचे. घोडा जन्मापासून पाइपांचं कुंपण घातलेल्या रिंगणात वाढलेला. त्याने तिन्ही पिंपं देखणी घेतली, रेघ ओलांडली, आणि तो कुंपणाची वाट पाहू लागला. वाट पाहताना तो धावत होता, कारण त्याचं शिक्षणच तसं झालेलं होतं. कुंपण काही आलं नाही. कापणीमुळे शेजाऱ्यांची फाटकं उघडी होती. अडीच मैलांवर दफनभूमीचं लोखंडी कुंपण दिसलं, तिथे तो अदबीने उभा राहिला.

"मजा आली," केडन्स म्हणाली. "फक्त परत यायला कंटाळा आला."

तिच्या आईला मजा आली नव्हती. घोड्याची चूक नव्हती, तो तर पुरस्कारविजेता होता. मुलीची चूक असणं शक्यच नव्हतं. तेव्हा चूक कुरणाची आहे, असं पाच पानी पत्र क्लबाच्या विमा कंपनीला गेलं, आणि क्लबाची सुरक्षा समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी लाइल डोबेश यांची एकमताने निवड झाली. न थांबण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला तो एकमेव हयात सभासद होता. (शिवाय त्याचं पाइपांचं दुकान आहे. हा योगायोग समितीने इतिवृत्तात योगायोग म्हणूनच नोंदवला आहे.)

पुढच्या वर्षी मे महिन्यात कुंपण उभं राहिलं. पाच फूट उंच, पांढरं, अतिशय सुंदर. आयांचा जीव भांड्यात पडला. आता मुलांना आर्डिथच्या अंगणात सोडायची गरज उरली नाही, थेट पहिल्या पिंपापासून शिकवता येऊ लागलं. जून महिन्यात अकरा घोडे कुंपणाला धडकले. दोन गुडघे, एक मनगट, आणि कुंपणाला टेकून उभी असलेली लाइलची गाडी. समितीने तातडीने अहवाल काढला. त्यातलं एक वाक्य असं : "कुंपण उभारण्यापूर्वी कुंपणाशी धडक झाल्याची एकही नोंद नाही, यावरून पूर्वी अपघातांची नोंद ठेवण्यात किती हलगर्जीपणा होत असे हे स्पष्ट होते."

उपाय म्हणून कुंपण पन्नास फूट मागे सरकवलं. घोडे तिथेही पोचले. आणखी मागे सरकवलं. जुलैअखेर ते इतकं दूर गेलं की आत उभं राहिल्यावर दिसेना आणि लोकांना उघड्या कुरणात आल्यासारखं वाटून भीती वाटू लागली. म्हणून आत दुसरं कुंपण घातलं.

हे सगळं आर्डिथ स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पहिल्या शर्यतीत सतरा वर्षांची असताना धावली होती, आणि दोन बाळंतपणांची वर्षं वगळता दरवर्षी धावली होती. क्लबाच्या शेडमधल्या फळ्यावर तिच्या नावापुढे एकोणसाठ रेघा होत्या. तिला साठावी हवी होती, आणि ती याच वर्षी, कारण जुनिपर, तिची घोडी, एकवीस वर्षांची होती आणि थंडीत तिचे गुडघे वाजायला लागले होते. पुढच्या ऑगस्टचा भरवसा दोघींनाही नव्हता. एवढंच तिचं मागणं. समितीच्या कामाचा व्याप पाहता हे मागणं क्षुल्लक होतं यात शंका नाही.

तिने अर्ज क्रमांक ७-ख भरला. त्यात एक रकाना होता : "थांबण्याचे साधन — (अ) पाइप, (आ) लाकूड, (इ) तार, (ई) इतर; सविस्तर लिहावे." सगळ्यांनी (अ)वर खूण केली. आर्डिथने (ई)वर केली आणि पुढे सविस्तर लिहिलं : "मी."

आठवड्याभरात उत्तर आलं. विषय : अर्जदाराच्या शरीराचा थांबण्याचे साधन म्हणून विचार होणेबाबत. मागोमाग लाइल स्वतः आला. जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, भट्टीतून नुकतेच निघाले होते. समितीच्या पाहणी दौऱ्यांच्या वेळा नेहमी अशाच अचूक असत.

"मिसेस वोंद्रा, रागावू नका," एक कोलाचा उचलत तो म्हणाला. "फॉर्मच तसा आहे. साधनाची उंची पाच फूट लागते."

"पाच फूट एक इंच. तरुणपणी पाच फूट तीन होते."

"जमिनीत किती पुरलेलं आहे?"

"अजून पुरलेलं नाही रे. थोडा धीर धर."

लाइलने तसं लिहून घेतलं.

"तुम्ही सरळ आतल्या रिंगणात का धावत नाही? सगळेच धावतात. कुंपण आलं की घोडं थांबतंच की."

"हो, ऐकू येतं मला इथपर्यंत," आर्डिथ म्हणाली. "जुनिपरने जन्मात कुंपण बघून ब्रेक लावलेला नाही. आता म्हातारपणी तिला लोखंडावर डोकं आपटायला शिकवू? आणि बायकांनो, मुलांनो, हे बघा शिक्षण, असं म्हणू?"

"समितीची बैठक घेतो," लाइल म्हणाला. तो दुसऱ्या कुठल्याही प्रश्नावर हेच म्हणाला असता. दोन कोलाचे रुमालात बांधून तो निघाला.

समितीने मार्ग काढला, आणि तो इतका उदार होता की काही सभासदांचे डोळे पाणावले. मिसेस वोंद्रा यांना धावू द्यावं. मात्र कुंपणाबाहेर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कुरणात, आणि समितीच्या परवानगीने. या धावेला "बिनकुंपण धोक्याचे सार्वजनिक प्रात्यक्षिक" असं नाव द्यावं. शाळेतल्या मुलांना आणून दाखवावं, म्हणजे कुंपण नसलं की काय होतं ते कोवळ्या वयातच मनावर ठसेल.

"आणि साठावी रेघ?" आर्डिथने फोनवर विचारलं.

"प्रात्यक्षिक यशस्वी झालं तर समिती सहानुभूतीने विचार करेल," लाइल म्हणाला. यशस्वी म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आर्डिथच्या कुरणात पूर्वी कधी जमली नव्हती एवढी माणसं जमली. शाळेच्या दोन बसगाड्या. अग्निशामक दलाचा बंब. रुग्णवाहिका एक, आणि शेजारच्या काउंटीकडून मागून आणलेली आणखी एक. लिंबू सरबताचे तीन ठेले. मुलांना वाटलेल्या पुस्तिकेत हाडांची चित्रं होती. ओमाहाहून केडन्सची आई आली होती आणि तिने पुढची खुर्ची धरली होती. फक्त हॉलिस, ज्याने गेली चाळीस वर्षं वेळ मोजली होती, आपलं जुनं स्टॉपवॉच घेऊन मैद्याच्या रेघेशी एकटाच उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"मुलांनो, नीट बघा," लाउडस्पीकरवर लाइलचा आवाज आला. "समोर काहीही आडवं नाही. काहीही!"

आर्डिथने जुनिपरच्या मानेवर हात ठेवला. घोडीला गर्दी आवडत नसे, आर्डिथलाही नाही. "चल गं," ती म्हणाली, "उरकून टाकू," आणि टाच लावली.

पहिलं पिंप उजवीकडून, जवळून, रिकीब घासेल इतकं. दुसरं डावीकडून. जुनिपरचे गुडघे आज वाजत नव्हते, निदान टापांच्या आवाजात ऐकू तरी येत नव्हते. तिसऱ्या पिंपाकडे जाताना कुरण थोडं उताराचं आहे. तिथे घोडीचा मागचा पाय घसरला, आर्डिथ एका बाजूला कलली, आणि कुरणभर एकाच वेळी चारशे मोबाइल वर गेले. पिंप डुललं. पडलं नाही. आर्डिथ सावरली, घोडी सरळ झाली, आणि दोघी परतीच्या वाटेला लागल्या. वारा कानांत शिरला. आर्डिथला क्षणभर कळेना की ही साठावी धाव आहे की पहिली. रेघ आली, गेली. समोर तीनशे एकर.

तिने श्वास सोडला, खोगिरात टेकली, आणि मनातनं थांबली.

जुनिपरने मागचे पाय पोटाखाली घेतले आणि अकराव्या पावलाला ती उभी राहिली.

लोकांनी साउथ डकोटाच्या दिशेने बघितलं, पण तिकडे काही जात नव्हतं.

"आता पडणार का?" एका मुलीने विचारलं.

"थांब, बघू या," तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या.

"मिसेस वोंद्रा," लाइलने लाउडस्पीकरवरून विचारलं, "काही झालंय का?"

"नाही रे."

"काहीच नाही?"

"भूक लागलीय."

हॉलिस चालत तिच्यापाशी आला. "अठरा पूर्णांक सहा सेकंद," तो हळूच म्हणाला. आर्डिथने मान हलवली आणि घोडीवरून उतरायला त्याच्या खांद्याचा आधार घेतला. लाइल आला तेव्हा त्याच्या हातात लाउडस्पीकर नव्हता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "माझं बिस्किट का नाही थांबलं तेव्हा?"

"तुझं लक्ष सॅलडकडे होतं, लाइल. त्याला वाटलं, तिकडेच जायचंय."

मग लाइल समितीच्या बैठकीला गेला.

अहवाल सोमवारी आला. प्रात्यक्षिक अयशस्वी झाले आहे. अपेक्षित अपघात घडला नाही. अर्जदार व घोडी थांबल्या, हे समितीस दिसले. तथापि ज्यामुळे त्या थांबल्या ते साधन समितीस दिसले नाही, मोजता आले नाही व त्याचे छायाचित्र काढता आले नाही. सबब त्या थांबल्या असे मानता येत नाही. कागदोपत्री त्या अद्याप धावत आहेत. धाव पूर्ण न झाल्याने साठावी रेघ देता येत नाही. अशा प्रात्यक्षिकांमुळे मुलांच्या मनात थांबण्याविषयी चुकीच्या कल्पना रुजतात, म्हणून यापुढे त्यांवर बंदी. अध्यक्ष लाइल डोबेश यांनी ठरावावर मत दिलं नाही. ते बैठकभर श्वास सोडून खुर्चीत बसून होते, अशी नोंद आहे.

आर्डिथने अहवाल वाचला, घडी घातली आणि जुनिपरला खरारा करायला गेली. फळ्यावर आजही एकोणसाठच रेघा आहेत.

समितीला याहून मोठी चिंता होती ती प्रेक्षकांची. लोक लांबून आले होते, उन्हात उभे राहिले होते, मुलांना घेऊन आले होते, आणि त्यांना काहीच बघायला मिळालं नाही. समितीने तक्रार अर्ज क्रमांक ९-क काढला : "जे पाहण्यासाठी आलो, ते घडले नाही." दोनशे चौदा जणांनी सह्या केल्या. काहींनी शेवटी मुलांचीही नावं लिहिली.

अर्जावर अजून बऱ्याच ओळी रिकाम्या आहेत. तिसऱ्या पिंपापाशी घोडीचा पाय घसरला तेव्हा ज्या वाचकांनी वाचायचा वेग वाढवला, त्यांनी सही करायला संकोच करू नये. तुमची तक्रार रास्त आहे.