लिफ्टचा अर्जदार

भाऊसाहेब चार मजले चढून आले आणि खुर्चीला टेकायच्या आतच फोन वाजला. फोन बायकोचा होता.

"अहो, आज सुरू होतेय ना लिफ्ट?"

"पाच वाजता उद्घाटन आहे. मोठे साहेब येणारेत."

"बघा, मी म्हणत होते ना, अर्ज करत राहा म्हणून. आता रोज रोज तुमचे गुडघे चोळायला नकोत मला."

भाऊसाहेब म्हणजे राज्यमंत्र्यांच्या कार्यालयातले हेडक्लार्क. त्यांच्या निवृत्तीला अजून चौदा महिने होते, गुडघे मात्र कधीच निवृत्त झाले होते. अकरा वर्षांत त्यांनी लिफ्टसाठी एकोणीस अर्ज केले. अठरा धूळ खात पडले. एकोणिसावा नव्या राज्यमंत्री मॅडमच्या हाती लागला, त्यालाही कारण होतं. खात्याच्या खऱ्या फाइली जायच्या मोठ्या साहेबांकडे, म्हणजे कॅबिनेट मंत्र्यांकडे. राज्यमंत्र्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. साहेबांना कंटाळा आला असेल ती उद्घाटनं आणि साहेबांच्या अंगाशी येतील अशी विधानसभेतली उत्तरं. सात महिने मॅडम रिकाम्या टेबलाभोवती येरझारा घालत होत्या. अर्ज मिळाला मात्र, त्या लिफ्टच्या मिस्त्रीमागे हात धुऊन लागल्या, आणि इमारत बांधल्यापासून कधीच न चाललेली लिफ्ट हलायला लागली.

"भाऊसाहेब," केबिनमधून बाहेर येत मॅडम म्हणाल्या, "उद्घाटनाला पत्रक वाटायचंय. या कार्यालयाची भूमिका आणि इतिहास. चारपर्यंत द्या." त्या आत गेल्या आणि लगेच परत बाहेर आल्या. "तीनपर्यंत दिलंत तर बरं."

भूमिका काय लिहावी हे भाऊसाहेबांना सुचेना, म्हणून त्यांनी इतिहासाला हात घातला. कपाटाच्या तळाशी सगळ्यात जुनी फाइल होती. त्यात कार्यालय स्थापन केल्याचा हुकूम होता, चाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा कोणी एक पुढारी मंत्रिपद मिळालं नाही म्हणून रुसून बसले होते. हुकमात अर्थात तसं लिहिलेलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला कळत होतं. इमारत बांधून तयार होती, राहिली होती फक्त लिफ्ट. मग लिफ्टच्या कामावर देखरेख ठेवायला त्या पुढाऱ्यांना राज्यमंत्री करून टाकलं. खाली शेवटचं कलम होतं: 'लिफ्टचे काम पूर्ण होताच हे कार्यालय बंद समजावे व कर्मचाऱ्यांना जुन्या कागदपत्रांच्या गोदामात पाठवावे.'

सोळा राज्यमंत्री आले नि गेले, पण हे कलम एकानेही वाचलं नव्हतं. भाऊसाहेबांनी ते बोट ठेवून पुन्हा वाचलं. गोदाम त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. तिथे छतापर्यंत रॅक होते आणि एकेका फाइलीसाठी शिडी चढावी लागायची. माणसानं आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यावा, पण तो एकोणीस वेळा अर्ज करून?

ते तडक चार मजले उतरून मिस्त्रीकडे गेले.

"मिस्त्री, जरा दमानं घ्या. एवढी घाई काय आहे?"

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. "घाई? तुम्हीच तर माझं डोकं खात होतात, कधी होणार, कधी होणार म्हणून."

"ती गोष्ट वेगळी होती."

"आज सकाळची?"

"एखादा स्क्रू राहिला असेल, बघा ना."

"काही राहिलेलं नाही. दाबा बटण."

भाऊसाहेबांनी बटण दाबलं. लिफ्ट आवाज न करता खाली आली, दार उघडलं, आत दिवा लागला. कोपऱ्यात बसायला एक स्टूलसुद्धा होतं. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं. भाऊसाहेबांना अगदी भरून आलं. मग ते वळले आणि जिना चढून वर गेले.

मॅडमनी कलम दोनदा वाचलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच त्या खुर्चीत टेकल्या.

"म्हणजे मी माझं एकमेव काम केलं, म्हणून मी घरी?"

"हो मॅडम. आणि मी शिडीवर."

"लिफ्ट बिघडवायची नाही, भाऊसाहेब. मला एकच काम मिळालं आणि ते मी नीट केलंय." त्यांनी फाइल स्वतःकडे ओढली. भाऊसाहेबांना त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि स्वतःसाठी त्याहून जास्त. "फाइल इथे ठेवून जा. सगळी. पत्रक मीच लिहिते."

पाच वाजता मोठे साहेब आले. फीत कापली, टाळ्या झाल्या. साहेब पत्रक चाळू लागले आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. मॅडमच्या खोल्यांवर त्यांचा केव्हापासून डोळा होता.

"लिफ्टचं काम पूर्ण झालं की कार्यालय बंद? मग उद्याच खोल्या रिकाम्या करा."

"काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाला की लगेच, साहेब," मॅडम म्हणाल्या. "मागच्या बाजूला बघा. त्याच हुकमातलं सहावं कलम आहे."

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "'अर्जदाराने स्वतः लिफ्टने चौथ्या मजल्यापर्यंत जावे, त्यानंतरच त्याच्या सहीने काम पूर्ण झाल्याचा दाखला द्यावा.' आता हा अर्जदार कोण?"

सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा एक पाय लिफ्टमध्ये होता.

"भाऊसाहेब," मॅडम हळूच म्हणाल्या, "पाय बाहेर घ्या."

भाऊसाहेबांनी पाय बाहेर घेतला. साहेब, मॅडम, मिस्त्री आणि फोटोवाला आत शिरले. साहेब स्टुलावर बसले आणि दार लागलं.

भाऊसाहेब तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हा खिशातला फोन वाजला.

"अहो, झाली का सुरू?"

"झाली."

"कशी आहे?"

"काय सांगू तुला. आवाजसुद्धा होत नाही."

"चला, आता चौदा महिने तरी आरामात काढा. आणि हे काय, धाप कसली लागलीय तुम्हाला?"

भाऊसाहेब कठड्याला टेकले. शेजारून लिफ्ट खाली गेली.

"आनंदाने, गं," ते म्हणाले आणि उरलेला मजला चढू लागले.