भिंतीवरचे सतरा अंश

थंडी कुठे पडते हे हवामानखातं सांगतं. ती कुठे पडली आहे असं धरून चालायचं, हे हेड ऑफिस ठरवतं. आमचं हेड ऑफिस युरोपात अगदी वरच्या अंगाला, डिसेंबरात घराबाहेर पडायला फावडं लागतं अशा गावी होतं. आम्ही कतारमध्ये दोह्यात, सी रिंग रोडवरच्या चार मजली काचेच्या इमारतीत. २००३च्या नोव्हेंबरात तिथून परिपत्रक आलं: 'व्यावसायिक इमारतींमधील हिवाळी तापनखर्चात काटकसर'. छतावरचा बर्फ वेळच्या वेळी खरवडावा, हे पहिलं कलम. त्याची आम्ही त्याच दिवशी शंभर टक्के पूर्तता केली. बाहेर एकतीस अंश होतं.

चौदा शाखांपैकी जी शाखा मार्चअखेर गरम करण्याची वीज सर्वांत जास्त वाचवेल, तिथल्या जबाबदार कर्मचाऱ्याला 'अधिकारी' हा हुद्दा मिळणार होता. हे वाचून आमच्या इमारतीत एकच माणूस उठून उभा राहिला. तो म्हणजे मेंटेनन्सचा हाफिज, रत्नागिरीकडचा, कार्डावर 'मेकॅनिक'. मेकॅनिकला बायकामुलं आणायचा व्हिसा मिळत नाही, अधिकाऱ्याला मिळतो. (मेकॅनिकला बायकामुलं असतात, हे नियमाला मान्य आहे, त्यांनी कुठं असावं एवढंच त्यात सांगितलंय.) त्याची बायको अनीसा गावी होती, मुलगी अफशां तेव्हा नऊ वर्षांची. दर दोन वर्षांनी दोन महिने रजा, म्हणजे हाफिजने तिला एकूण आठ महिने पाहिलं होतं.

परिपत्रकासोबत फॉर्म होता. तो भरायचा मान ॲडमिनच्या चार्ल्सकडे. चार्ल्स वसईचा, माणूस सज्जन, पण फॉर्ममध्ये रिकामी जागा दिसली की त्याला जेवण जात नसे. मी त्याच्या हाताखाली पत्रं टाइप करायचो. गेल्या वर्षीचा तापनखर्च: शून्य, असं त्याने लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं की शून्य ही नोंद बेजबाबदारपणाची असून इमारतीची प्रत्यक्ष पाहणी करावी.

पाहणी हाफिजने केली, गुडघ्यांवर बसून, टेबलांखाली. एक्केचाळीस कर्मचाऱ्यांच्या त्या ऑफिसात त्याला तेवीस हीटर सापडले. शिवाय शाली एकोणीस आणि गरम पाण्याची पिशवी एक (अकाउंट्सची सितारा). कारण सरळ होतं. आमचा एसी बारा महिने सतरावर असे. जनरल मॅनेजर साहेब कोट घालत, आणि कोटातल्या माणसाला घाम आला तर कंपनीची पत जाते. तेव्हा एसी सगळ्यांना गारठवायचा, आणि लोक टेबलाखाली आपापली ऊब करून घ्यायचे. दोन्ही यंत्रं आपापलं काम चोख करत होती, आणि एवढी शिस्त मी दुसऱ्या कुठल्या ऑफिसात पाहिली नाही.

चार्ल्सने अंदाज बांधून फॉर्म पुन्हा भरला. तापनखर्च: भरपूर. सर्वाधिक महिना: जुलै. हेड ऑफिसने आमच्या जुलैबद्दल सहानुभूती कळवली आणि एक्केचाळीस लोकरी टोप्या पाठवल्या.

आता काटकसर काय कठीण होती? हाफिजने जानेवारीत एसी सतरावरून चोविसावर आणला. हीटर आपोआप बंद झाले. तीन दिवस सगळं इतकं सुखाचं चाललं की कुणाच्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी सेल्सचा युसुफ एसी कमीजास्त करायच्या भिंतीवरच्या डब्याजवळ फोनवर बोलत उभा होता. त्याने आकडा वाचला आणि वाचता वाचता टाय सैल केला. दुपारपर्यंत गुदमरल्याच्या अकरा तक्रारी आल्या. साहेब म्हणाले, "चोवीस? पाहुण्यांना वाटेल आपण दुकान बंद करतोय."

हाफिज खालमानेने डबा उघडायला गेला. पण तो मेकॅनिक होता. त्याने डब्याची मागची तार तोडली आणि वर कायमचा सतराचा आकडा बसवला. डब्याचे बाण दाबले की 'टिक' असा आवाजही ठेवला, कारण माणसाला आपलं कुणीतरी ऐकतंय असं वाटलं पाहिजे. खरा एसी गच्चीवरून चोविसावरच चालू राहिला.

"आता कसं बरं वाटतंय!" रिसेप्शनवरची मर्सी म्हणाली, आणि तिने सतरा वाचून शाल ओढली, पायाने हीटर लावला.

तेविसाच्या तेवीस हीटर पुन्हा पेटले. चोवीस अंशांत लोक कुडकुडत होते. फेब्रुवारीचा तापनखर्च आला तो गेल्या फेब्रुवारीपेक्षा जास्त. हाफिज आमच्या खोलीत येऊन धपकन बसला.

"खलास, चार्ल्सभाई. अनीसाला सांगून बसलो होतो की उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावतो. पोरीने बॅग पन भरली हाय."

चार्ल्सने चष्मा पुसला. "अरे बाबा, त्यांना सांग ना खरं काय ते. चोवीस आहे म्हणून."

"सांगितलं मर्सीबाईला. ती बोलली, हाफिजभाई, मला वाचता येतं."

यावर चार्ल्सकडेही फॉर्म नव्हता. मग हाफिजच उठला, "यल्ला, चला," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सगळे हीटर सर्व्हिसिंगला घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आणले. आतली तापणारी सळई काढून त्याने प्रत्येकात लहानसा लाल बल्ब बसवला होता. बटण दाबलं की आत छान तांबडं दिसे.

लोकांनी पाय पुढे केले. सिताराने गरम पाण्याची पिशवी घरी नेली. मर्सीने तर हाफिजला बोलावून घेतलं. "सर्व्हिसिंग मस्त केलंस हं. पण आता जरा जास्तच भाजतंय. थोडा कमी करून दे." हाफिजने वाकून कमी करून दिला. तिने शुक्रन म्हटलं.

मार्चअखेर तापनखर्चात घट: अठ्ठ्याण्णव टक्के. (उरलेले दोन बल्बचे.) जिथं खरोखर बर्फ पडतो अशा तेरा शाखा आमच्या मागे राहिल्या. हाफिज अधिकारी झाला. नव्या कार्डाचा त्याने मला आधी वास दिला, मग वाचायला दिलं. त्या दिवशी तो रडला, आणि मीही, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

जूनमध्ये अनीसा आणि अफशां आल्या. बाहेर शेहेचाळीस अंश. अफशांला तो ऑफिस दाखवायला घेऊन आला. पोरगी दारातच थबकली.

"अब्बा, हे सगळे शाली घेऊन का बसलेत? थंडी तर नाय."

"हळू बोल गं," हाफिज म्हणाला. "तुझा व्हिसा हाय तो." आणि डब्याकडे बघून त्याने स्वतःही हात चोळले.

तो व्हिसा दरवर्षी नवा करावा लागतो, आणि हुद्दा टिकवायला दरवर्षी नवी काटकसर दाखवावी लागते. शून्यातून आणखी काय कापणार? म्हणून हेड ऑफिसने हाफिजला इतर ठिकाणची कामं दिली. आजवर त्याने एकशे साठ इमारतींत आपले डबे बसवलेत. गेल्या दोन रजांत मुंबई-पुण्याकडची बरीच ऑफिसं उरकली.

तुमच्या टेबलाजवळ भिंतीवर पांढरा डबा आहे ना? सकाळीच तुम्ही त्याचा बाण दाबलात, 'टिक' असा आवाज आला, आणि लगेच बरं वाटलं. दाबत राहा. फक्त तो उघडून बघू नका, पोरगी आत्ताच दहावीत गेलीय.