करंगळीखालचा ग

लिंगाप्पा चहासुद्धा उभ्यानेच प्यायचे. मी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "बूड टेकलं की गाणं संपलं बे." हे तत्त्वज्ञान त्यांना कुठल्या पोथीत सापडलेलं नव्हतं, ते त्यांच्या कीबोर्डातून आलं होतं.

वडवणीच्या आमच्या बँडात मी क्लॅरिनेट फुंकायचो आणि ते हातगाडीवरचा कीबोर्ड वाजवायचे. गावात एसटीडीचे पिवळे बूथ आले, त्याच सुमारास त्यांनी किराणा दुकान भावाच्या गळ्यात घातलं आणि हे वाद्य आणलं. फौजी बँडातून निवृत्त झालेल्या एका मास्तरांकडे शिकले. मास्तरांनी पुष्कळ शिकवलं असेल, लिंगाप्पांनी एकच गोष्ट धरली.

सा, ग, प एकदम दाबले की घरचा कॉर्ड होतो, म्हणजे गाणं जिथे येऊन थांबतं तो सुरांचा गुच्छ. सगळी दुनिया त्यात सा खाली ठेवते. लिंगाप्पा डाव्या करंगळीखाली ग घ्यायचे. पंचमाच्या कॉर्डाचीही तीच गत. प, नि, रे यांतला प खाली न ठेवता ते नि ठेवायचे. सूर तेच, पण खालचा बदलला की गाण्याला पाय फुटतात, असं त्यांचं म्हणणं. "सा खाली आला की गाणं बसतं. ग ठेवा, नि ठेवा, चालत राहतंय." दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या सख्ख्या भावालाही ते 'खालचा सा' म्हणायचे.

मला हे खूळच वाटायचं. पण आमच्या वराती खरंच कुठे रेंगाळत नसत. उलट थांबायची पंचाईत. बँडाचा नियम होता की लिंगाप्पांचा खालचा सा ऐकू आल्याशिवाय कुणी वाद्य खाली ठेवायचं नाही. नांदूरघाटला एका लग्नात ते डोळे मिटून ग आणि नि यांच्यातच फिरत राहिले, आणि नवरदेवाची घोडी मांडव ओलांडून थेट एसटी स्टँडावर गेली. मुलीचा मामा धापा टाकत आला, तेव्हा कुठे सा टेकला.

त्यांना एकच मुलगी, गिरजा. बायको लवकर गेलेली. रोज संध्याकाळी रियाजाला गिरजा त्यांच्या डाव्या हाताला उभी राहायची. बापाची करंगळी कुठे जाणार, हे तिला माझ्याहून चांगलं कळायचं.

तिला लांब, कडा गावात दिली. लग्नात तरी दुसऱ्याला वाजवू द्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ऐकतील तर ते लिंगाप्पा कसले.

आमच्याकडे पाठवणीचं गाणं संपल्याशिवाय जीप हलत नाही. गाणं शेवटाला आलं आणि लिंगाप्पांनी ग घेतला. आम्ही पुन्हा सुरुवातीला. पुन्हा शेवट, पुन्हा ग. ड्रायव्हरने दोनदा गाडी चालू करून बंद केली. लांब जायचंय, असं व्याही हळूच म्हणाले. चौथ्या फेरीला माझा दम संपला. मी हातगाडीजवळ जाऊन म्हणालो, "अप्पा, आता सा घ्या."

"कावून? चालतंय की."

उजवा हात नेहमीसारखा बिनचूक फिरत होता. डावी करंगळी मात्र खालचा सा न दाबताच परत ग घेत होती. मग मला क्लॅरिनेट ओठाला लावता येईना.

तेवढ्यात गिरजा जीपमधून उतरली. शालू सावरत आली आणि रोजच्या जागी, बापाच्या डाव्या हाताला उभी राहिली.

"अप्पा, तुमाला जमायचं न्हाई," ती म्हणाली. "मीच टेकवते."

तिने हिरव्या बांगड्यांचा हात पुढे केला आणि सगळ्यात खालचा सा दाबला. बाकीचे दोन सूर लिंगाप्पांनी दिले. ताशा थांबला, बँड थांबला.

जीप वळणाआड गेल्यावर मी चहा आणला. लिंगाप्पा मांडवाच्या कडेला जमिनीवर बसले होते. मी शेजारी टेकलो. त्यांनी कप घेतला आणि बसूनच चहा प्यायला.