भोईरांचा खुबा

भोईरांच्या खुब्याचं ऑपरेशन ठरायच्या आधीच मी त्यांच्या शहाडच्या घरी डायनिंग टेबल पाठवून दिलं. न विचारता. दुसऱ्या दिवशी ते त्याच टेम्पोतून परत आलं.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपात मी स्टोअर सांभाळतो, भोईर ग्राइंडिंग मशीन. माणूस पन्नाशीचा, हाडापेरानं दणकट, खिशात कायम व्हर्नियर. कँटीनची चपातीसुद्धा मापून खाणार. कुठलाही पार्ट बदलायचा म्हटलं की यांच्या कपाळाला आठ्या. "बदलतो कशाला? घासून बघ ना आधी!"

स्वतःचा खुबा झिजला तरी तेच. ठाण्यातल्या डॉक्टरांकडे मी सोबत गेलो होतो. ते म्हणाले, "सांधा बदलू. हाडाचा गोळा कापून नवा बसवू."

"कापता कशाला? घासा आणि वरून टोपी चढवा."

त्यांना गप्प करायला मी खालून पाय मारला. नेमका दुखऱ्या पायावर.

डॉक्टर मात्र हसले. "असं ऑपरेशन खरंच असतं. रिसर्फेसिंग. गोळा ठेवून त्यावर धातूची टोपी, तो ज्यात फिरतो त्या वाटीला धातूचं अस्तर. सगळ्यांना चालत नाही. तुमचं वय, हाड बघता जमेल. पण धातूवर धातू घासतो, रक्त तपासत राहावं लागेल."

"दोन्हींत गॅप किती ठेवता?" भोईरांनी विचारलं. मग आवाज उतरला. "मांडी घालून बसता येईल?" हे त्यांनी तीनदा विचारलं.

"बहुतेक येईल. पण घाई नको."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मांडीचं काय एवढं? टेबल होतं की!"

"अरे साठे, लग्न झाल्यापासून आम्ही एका ताटात जेवतो. आता दोन वर्षं मी खुर्चीवर, ती खाली. तिला वर बसून घास उतरत नाही. आणि मला..." त्यांनी खिशातला व्हर्नियर काढून उगाच उघडला, मिटला.

ऑपरेशनला सहा महिने झाले, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि भोईरांनी मला जेवायला बोलावलं. भिंतीला धरून ते हळूहळू खाली बसले. मांडी जमली. वहिनींनी मधे एकच मोठं ताट ठेवलं आणि बोंबलाचा मोठा तुकडा गुपचूप त्यांच्या बाजूला सरकवला. त्यांनी तो तितकाच गुपचूप परत सरकवला. मी माझ्या ताटात बघत राहिलो.

जेवण झालं. भोईर उठले. मी उठायला गेलो आणि अर्ध्यात अडकलो. दोघांनी काखेत हात घालून मला उभं केलं.

वहिनी म्हणाल्या, "अवो, तुमच्यापरीस या भावजींनाच न्यावाला पायजे व्हता ऑपरेशनला!"