मंजुनाथला सोबत

फिल्टर कॉफीवरचा फेस मधून विरत नाही, कडेने विरतो. आधी पेल्याला टेकलेले बुडबुडे जातात, मग मधलं पांढरं बेट सावकाश लहान होतं. हे निरीक्षण मी अशा सकाळी केलं, जेव्हा आमच्या घरात कॉफीचा थेंबही असायला नको होता.

मी जीवरसायनशास्त्र शिकलेली. घरातल्यांची वार्षिक तपासणी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं ऑफिसात सांगूनही ठेवलं होतं. रविवारी सकाळी लॅबचा मंजुनाथ येणार, अक्कांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, आणि नवऱ्याचं, गुरुराजचं, उपाशीपोटी रक्त नेणार. मग नाचणीचे डोसे, मोडाचे मूग. विषय संपला!

माझी स्वतःची तपासणी त्यानंतर. डॉक्टरांनी मॅमोग्राफी करून घ्या म्हटल्याला दोन दसरे उलटले होते. माझ्या आईला याच वयात गाठ निघाली होती. लवकर कळलेलं बरं, हे मी मैत्रिणींना आकृती काढून समजावते. पण आधी घरच्यांचं होऊ दे, असं चाललं होतं.

त्या रविवारी धुक्यात बेंगळुरूचं आमचं व्हाइटफील्ड उपनगर बुडून गेलं होतं. चौदाव्या मजल्यावरून मेट्रो दिसत होती, तळ्याच्या तळाशी मासा सरकावा तशी. मी बाल्कनीत जरा जास्तच रेंगाळले. आत आले तर मंजुनाथपुढे उप्पिट्टाचा डोंगर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अक्का आणि गुरुराज, हातात बशा घेऊन.

अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. उंबरा ओलांडून आलेल्याला खाऊ घालायचं, आणि त्याला एकट्याला खायला बसवायचं नाही, हा त्यांच्याकडचा नेम. पाहुणा एकटा जेवला तर तो खानावळीत जेवल्यासारखा होतो म्हणे.

"अक्का, तुमचं रक्त द्यायचं होतं ना?"

"देते की. रक्त कुठं पळून जातंय? त्याला सोबत म्हणून स्वल्प घेतलं."

पुढच्या रविवारी मी रवा आणि कॉफीपूड कपाटात कोंडली. अक्कांनी शेजारच्या शिवलीलाकडून इडल्या मागवल्या. गुरुराजने आपण खाल्लं नाही, नुसतं तोंड हलवलं, असा खुलासा केला. त्याच्या मिशीला चटणी होती.

तिसऱ्या रविवारी मी मंजुनाथलाच बजावलं, घरून खाऊन या. बिचारा खाऊन आला. ते ऐकून अक्कांचा चेहरा असा उतरला की तो मुकाट्याने बसला आणि पुन्हा खाऊ लागला. अर्थात सोबतीला दोघे होतेच. मी समोर बसून कॉफीचा फेस पाहत राहिले. बाहेर धुकं होतं, आत वाफ होती, आणि कुणाला कसलीच घाई नव्हती. मला तर मुळीच नव्हती, हे तेव्हा ध्यानात आलं. यांचं राहिलं की माझंही राहत होतं.

तेवढ्यात मंजुनाथ हळूच म्हणाला की गंमत म्हणून त्याने लॅबमध्ये स्वतःचं रक्त तपासलं, आणि साखर काठावर आली आहे. म्हणजे माझ्या मोहिमेत तपासणी झालेला माणूस एकच, आणि तो तपासायला आलेला!

मग मात्र मी बोलले. रिकाम्या पोटाचं महत्त्व, अक्कांचं वय, गुरुराजचा घेर, सगळं. अक्कांनी पेला खाली ठेवला.

"त्याला खाताना सोबत देतो आपण. मला मात्र सुईपुढं एकटीला बसवतेस. तू कुठं बसतेस, सांग की."

गुरुराज बशीकडे बघू लागला.

"माझी ती तपासणी वेगळी असते, अक्का. मंजुनाथच्या लॅबच्या सेंटरला जावं लागतं."

"मी येते सोबत. उपाशी राहावं लागतं का त्याला?"

खोटं सांगता आलं असतं. पण विज्ञान शिकलेल्या माणसाची हीच पंचाईत.

"नाही," मी म्हटलं. "खाऊन गेलं तरी चालतं."

"सरी, बरं. मग अडलंय कुठं?"

मंजुनाथचा घास हातातच थांबला. पेल्यातलं शेवटचं बेट कडेला लागलं आणि विरलं.

"मंजुनाथ," मी म्हटलं, "उद्या सकाळी मॅमोग्राफीसाठी माझं नाव घाला."