मीनाच्या पत्रिकेतली मोकळी जागा

हिरामण देवऱ्यांनी पत्रिका आधी चष्मा लावून पाहिली, मग चष्मा काढून पाहिली, मग उलटी करून मागे काही छापलंय का ते पाहिलं. मागे काहीच नव्हतं. समोर त्यांचा मुलगा मयूर उभा होता आणि त्याच्या पायाशी तीनशे पत्रिकांचं पुडकं होतं.

"बाकीचं कुठंय?"

"एवढंच आहे, बाबा."

वरच्या बाजूला तीन रेषांचा गणपती आणि कुलस्वामिनी प्रसन्न. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत चि. सौ. कां. मीना, नवरदेव, तारीख, मुहूर्त आणि देवळा गावचा पत्ता. मधे दोन्ही तळहात टेकवले तरी उरेल एवढा कागद कोरा होता.

"मी तुला त्रेसष्ट नावं दिली होती. नंबर टाकून दिली होती."

"ती जागेत बसत नव्हती."

"इथं तं आख्खं मार्केट यार्ड बसंल!"

मयूर नाशिकच्या एका कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होता, आणि दुसऱ्यांदा होता. मागच्या वर्षी त्याने एका पोस्टरवर सात प्रकारची अक्षरं, दोन नक्षीच्या चौकटी आणि कोपऱ्यात एक मोर घातला होता. मांडणी शिकवणाऱ्या थेटे सरांनी ते पोस्टर वर्गात फळ्याला टाचून ठेवलं आणि पुढचा अर्धा तास ते एकाही मुलाशी बोलले नाहीत. कागद भरायला कुणीही भरतं, कागद सोडायला अक्कल लागते, असं त्यांचं मत होतं. मयूर त्या विषयात नापास झाला. यंदाची अट आणखी कडक होती. खऱ्या गिऱ्हाइकाचं काम घ्यायचं, छापायचं, लोकांपर्यंत पोचवायचं आणि गिऱ्हाइकाचा सहीचा अभिप्राय जोडून मार्चात परीक्षकांसमोर ठेवायचं. घरची अट त्याहून साधी होती. "यंदाबी नापास झालास तं दुकानात बसायचं," हिरामणांनी सांगून टाकलं होतं. दुकान कांद्याच्या रिकाम्या गोण्यांचं होतं. मयूर लहान असताना एकदा तिथे महिनाभर बसला होता आणि महिनाभर शिंकला होता.

त्यामुळे फेब्रुवारीत बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. गिऱ्हाईक घरचं होतं. बाटलेला माणूस जास्त कडवा असतो म्हणतात, तसं मयूरचं झालं. मोर सोडून तो एकदम संन्याशाच्या वाटेला लागला. 'चि. सौ. कां.' आणि 'मीना' यांच्यातलं अंतर त्याने चार वेळा बदललं. बापाने दिलेल्या त्रेसष्ट नावांचा कागद त्याने समोर ठेवला, पाच मिनिटं पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या ज्या छापखान्यात त्याने काम दिलं, तिथल्या नईमभाईंनीसुद्धा मशीन थांबवून विचारलं होतं, "मयूरभाई, बीच का मॅटर यायचं बाकी आहे क्या?"

"नाही. तेच डिझाइन आहे."

"अच्छा," नईमभाई म्हणाले. पंचवीस वर्षं पत्रिका छापणाऱ्या माणसाने आणखी काय म्हणायचं?

"आजच्या आज परत छापून आण," आता हिरामण म्हणाले.

तेव्हा मयूरची आई चंद्रभागाबाई मधे पडल्या. मयूर नाशिकहून वणीमार्गे आला होता आणि त्यांच्याच सांगण्यावरून त्याने गडावर चढून पहिली पत्रिका देवीच्या पायाशी ठेवली होती. "देवीला एक पत्रिका आन लोकायला दुसरी? असं कुठं असतं का? देवीनं पाह्यली, आता हीच पत्रिका."

देवीपुढे हिरामणांचं काही चालेना. लग्नाला अकरा दिवस राहिले होते. त्यांनी पुडकं उचललं, हळदीकुंकवाची वाटी आणि अक्षता घेतल्या, आणि मयूरला गाडी काढायला लावली. "तूच चल संगं. लोकायच्या शिव्या तूबी खा."

पहिलं घर थोरल्या चुलतभावाचं, रावजीआबांचं. भाऊबंदकीत रावजीआबांचा मान मोठा आणि त्यांचा रुसवा त्याहून मोठा. एकदा पुतण्याच्या पत्रिकेत त्यांचं नाव तिसऱ्या नंबरला आलं, तर ते लग्नाच्या दिवशी मांडवासमोरच्या झाडाखाली बसून राहिले होते. आत आले नाहीत आणि घरीही गेले नाहीत.

आबांनी पत्रिकेवर बोट ठेवलं. बोट वरून खाली आलं, परत वर गेलं.

"हिरामण, मन्हं नाव कोठे शे?"

आबांनी मधल्या कोऱ्या जागेवर टिचकी मारली. "येवढी जागा काबर कोरी शे?"

माणूस संकटात सापडला की त्याला काही तरी सुचतं, आणि हिरामण तर गेली तीस वर्षं व्यापारात होते. "आबा, ती जागा तुमचीच हाय," ते म्हणाले. "छापील नाव काय, कोणाचंबी छापतेत. तुमचं नाव मी माझ्या हातानं लिहायचं ठरवलं." असं म्हणत त्यांनी खिशातलं निळं बॉलपेन काढलं आणि मधोमध लिहिलं: प्रमुख निमंत्रक, रावजी दगा देवरे.

मयूरने हात पुढे केला. "बाबा, पेनने नको..."

"तू गप." हिरामणांनी आवाज खाली आणला. "आन आबा, कोणाला दाखवू नका. बाकीच्यायची नावंच नायीत. उगा वाईट वाटंल."

आबांनी पत्रिका हळूच बंडीच्या आतल्या खिशात सरकवली. त्यांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांत दिसलं नव्हतं असं समाधान होतं. चहा झाला. चहावर पोहे झाले.

दुसरं घर नवसाबाई आत्यांचं. आत्यांनी पत्रिका नातवाकडून वाचून घेतली. "झालं का एवढ्यात?" त्यांनी विचारलं. हिरामणांनी पेन काढलं. बाईमाणसाचं नाव प्रमुख निमंत्रक म्हणून लिहिलेलं देवळ्यात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. आत्यांनी ते कुणालाही दाखवणार नाही अशी शपथ घेतली. चौथ्या घरापर्यंत हिरामण कुणी विचारायच्या आधीच लिहू लागले, आणि संध्याकाळी तर दाराबाहेरच गाडीच्या सीटवर पत्रिका ठेवून नाव टाकून मग आत जात होते. अकरा दिवसांत दोन बॉलपेनं संपली. गंमत म्हणजे कुणी रुसलं नाही. दर लग्नात निदान दोन घरं फुगून बसतात, इथे मात्र जो तो भेटला की डोळा बारीक करून हसत होता.

"तुझी जागा कामाला आली बरं का," हिरामण मयूरला म्हणाले. मयूरने गाडीला किक मारली. प्रत्येक नावासोबत आपलं वर्ष पुसलं जातंय, असं त्याला वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला मांडवाच्या दारात गर्दी झाली. आत खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रमुख निमंत्रकाने दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं असतं हे देवळ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. रावजीआबा फेटा बांधून डाव्या खांबाशी उभे होते. उजव्या खांबाशी आणखी कुणी, त्याच्या शेजारी आणखी कुणी. जो येई तो बाकीच्यांना नमस्कार करी, "या, या, बसा आत" म्हणे, आणि स्वतः दारात उभा राही. अकरापर्यंत दोन्ही बाजूंनी रस्त्यापर्यंत रांगा गेल्या.

वणीहून वऱ्हाड आलं. दीडशे माणसं होती. एकेका वऱ्हाड्याला दोनशे लोकांनी मिठी मारली आणि नवरदेवाच्या वडिलांचा फेटा चार वेळा सुटला. आत पोचेपर्यंत मुहूर्त टळायची वेळ झाली. पण कुणी एवढा मान आजवर दिला नव्हता, म्हणून वऱ्हाड खूश होतं.

अक्षता पडल्या आणि पंगत मांडली. वऱ्हाड बसलं. पलीकडच्या चार रांगांमध्ये पत्रावळ्या मांडलेल्या, पाणी ठेवलेलं, पण माणूस नाही.

"बसा ना आबा," हिरामण म्हणाले.

"मी कसा बसू?" आबा म्हणाले. "पाहुणे जेवल्याबिगर?" आणि त्यांनी डोळा मारला.

हिरामण दुसऱ्याकडे वळले, तिसऱ्याकडे वळले. प्रत्येकाने डोळा मारला. यजमान शेवटी जेवतो, हा नियम काही हिरामणांनी केलेला नव्हता. नुसतं उभं राहायचं तर हात मोकळे कशाला, म्हणून सगळ्यांनी वाढायला घेतलं. दीडशे वऱ्हाडी आणि दोनशेवर वाढपी. एकाने बुंदी घातली की दुसरा म्हणे, "माझ्या हातची एक मूठ घ्याच." नवरदेवाच्या एका काकांनी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले, तर हातांवर वरण पडलं. काका उठून पळाले. त्यांना तिघांनी धरून परत बसवलं.

दोन वाजले. आचारी येऊन सांगून गेला की भात गार होतोय. भुकेने वाढणाऱ्यांचे फेटे तिरके व्हायला लागले, पण मागे कुणी हटेना. आणि तेवढ्यात नवरदेवाचे मामा माइकसमोर उभे राहिले.

"मंडळी, असं स्वागत आम्ही जन्मात पाह्यलं नाय! लग्नाचे जे प्रमुख निमंत्रक असतील, त्यांनी ष्टेजवर यावं. टॉवेल-टोपी देऊन आम्हाला त्यांचा सत्कार करायचाय!"

हिरामणांनी डोळे मिटले.

रावजीआबा निघाले. नवसाबाई आत्या पदर सावरत निघाल्या. मग सगळा मांडवच निघाला. नवरा-नवरी मागे सरकत सरकत कडेला आली आणि शेवटी मीनाने शहाणपणाने नवऱ्याला हाताला धरून खाली उतरवलं. मामांच्या हातात एक टॉवेल आणि एक टोपी होती.

"अरे, एकाच माणसानं या," मामा म्हणाले.

आबांनी बंडीतून पत्रिका काढली. ती पाहून शेजारच्याने आपली काढली. मग एकदम दोनशे पत्रिका वर आल्या. सगळ्यांवर एकच अक्षर, एकच निळी शाई. चुलीवरच्या वरणाची रटरट तेवढी ऐकू येत होती.

"हिरामण!" आबा गरजले.

हिरामणांनी मयूरकडे बोट केलं. "त्यानं जागा सोडली."

सगळा मांडव मयूरकडे पाहू लागला. आपण त्या कागदावरची त्रेसष्ट माणसं एका घडीत मोडून खिशात घातली होती, आणि ती सगळीच्या सगळी आता उपाशी उभी आहेत, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याला मनापासून लाज वाटली. "माझं चुकलं," तो म्हणाला. "बाबांनी नावं दिली होती. मीच नाही छापली."

मग नवसाबाई आत्यांनी आपल्या पत्रिकेकडे एकदा पाहिलं, ती कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "मी राजीनामा दिला. वाढा मला." आणि जाऊन पहिल्या पानावर बसल्या.

बाईच्या मागे पुरुष कसा बसणार, म्हणून दोन मिनिटं सगळे थांबले. पण बुंदीचा वास पोचला होता. एकाने राजीनामा दिला, मग दहा जणांनी, मग रांगच लागली. आबा मात्र हटले नाहीत. बाकी सगळ्यांनी पद सोडल्यामुळे आता खरे प्रमुख निमंत्रक तेच उरले होते. टॉवेल-टोपी त्यांनाच मिळाली आणि ते साडेचारला, सगळ्यांच्या शेवटी, अगदी मानाने जेवले.

मार्चात मयूर परीक्षकांसमोर उभा राहिला. कोरी पत्रिका त्याच्याकडे एकही नव्हती. घरी ठेवलेल्या पाच प्रतीसुद्धा हिरामणांनी आयत्या वेळच्या पाहुण्यांना नावं घालून दिल्या होत्या. शेवटी तो देवळ्यात घरोघर फिरला. पुष्कळांनी द्यायला नकार दिला, काहींनी ती भिंतीवर लावली होती, पण चाळीस मिळाल्या. त्याने त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि बापाचा अभिप्राय ठेवला. हिरामणांनी दुकानाच्या कागदावर लिहिलं होतं: "पत्रिका तीनशे वाटल्या. एकही घर रुसलं नाही. पंगत उशिरा बसली, पण तो छपाईचा दोष नाही."

बाहेरून आलेले परीक्षक एकेक पत्रिका उचलून वाचत गेले. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "मी आजवर पुष्कळ मांडण्या तपासल्या," ते म्हणाले, "पण लोकांनी परत द्यायला नकार दिलेली ही पहिलीच." त्यांनी मयूरला पास केलं, आणि बऱ्यापैकी गुणांनी केलं.

थेटे सर सगळा वेळ खिडकीशी उभे होते. मयूर पत्रिका गोळा करून निघाला तसे ते त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आले.

"लग्नाआधी तू मलाही एक दिली होतीस."

"हो सर. तुमची मी बाबांच्या हाती लागू दिली नाही. अगदी कोरी ठेवली."

"ते पाहिलं मी." सर जिन्याच्या कठड्यावरची धूळ पुसू लागले. "तीनशे जणांना नावानिशी बोलावलं, आणि आम्हाला नुसता कागद. म्हणून मग मी आलो नाही."

सरांनी झोळीतून ती पत्रिका काढली. तिला साधी घडीही पडलेली नव्हती. ती त्यांनी कठड्यावर ठेवली आणि स्वतःचं पेन काढून मयूरच्या हातात दिलं.

मयूरने जीव ओतून, अक्षराअक्षरातलं अंतर सांभाळत लिहिलं: प्रमुख निमंत्रक, यशवंत नारायण थेटे.

सरांनी ते दुरून पाहिलं, जवळून पाहिलं. "जरा आणखी मोठं चाललं असतं," ते म्हणाले. "आणि खाली सौ. थेट्यांचंही टाक."